दिसणारे गोंदण: कोल्हापूर परिसरातील पार्श्वभूमी

मनगटावर आईवडिलांची नावे किंवा मानेवर चंद्रकोर गोंदवून घेणाऱ्या कोल्हापुरातल्या मुलींना ‘हे काय नवीन खूळ’ असे ऐकवले जाते, तेव्हा ऐकवणाऱ्यांच्याच घरातील आज्जीच्या कपाळावर आणि हनुवटीवर बहुधा हिरवट ठिपके असतात. बाईच्या अंगावर चारचौघांत दिसणारी खूण या भागाला मुळीच नवी नाही. नवा आहे तो तिच्याविषयीचा संकोच.

करवीर, पन्हाळा, कागल, शिरोळ या तालुक्यांतील खेड्यांत फिरत्या जमातींतील गोंदणाऱ्या बायका दारोदार येत. दोन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, दिव्याची काजळी खलून कालवायची, त्यात टोके बुडवून कातडीवर बारीक टोचत जायचे आणि शेवटी तेल-हळद चोळायची, अशी ती रीत. काजळी काळी असली तरी कातडीच्या आतल्या थरात बसलेला तिचा कण बाहेरून निळसर-हिरवा दिसतो, म्हणून ‘हिरवे गोंदण’. मोबदला बहुतेक धान्यात मिळे. पोर रडू लागली की गोंदणारीण गाणे म्हणे आणि घरातली एखादी थोरली बाई तिचा हात घट्ट धरून ठेवी. कपाळ, हनुवटी, मनगट, पंजाची मागची बाजू या उघड्या जागांवर ठिपके, तुळस, फूल किंवा विंचू उमटे. सोने-नाणे इथेच राहते, गोंदण तेवढे मरताना सोबत येते, ही समजूत त्यामागे होती. लग्नाआधी हे उरकलेले बरे असे थोरल्यांना वाटे आणि त्यात मुलीला विचारण्याची पद्धत नव्हती. आज गोंदणाच्या परंपरेचे गोडवे गाताना हा भाग सहसा गाळला जातो.

विजेवर चालणाऱ्या गोंदण-यंत्राचे पेटंट न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल ओ’रायली याने 1891 मध्ये घेतले. तसली यंत्रे पुढे आपल्याकडच्या जत्रांमध्ये आली, आणि नक्षीचा फलक लावून बसलेला माणूस पाच मिनिटांत हातावर अक्षरे उमटवून देऊ लागला. साक्षरता वाढत होतीच, त्यामुळे ठिपक्यांच्या जोडीला नावे आली. नवऱ्याचे नाव उखाण्याशिवाय तोंडाने न घेणाऱ्या बाईच्या हातावर तेच नाव ठळक देवनागरीत असे आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नसे. सरकारी अर्जांतील ‘ओळखीची खूण’ या रकान्यातही गोंदणाची नोंद सर्रास होत असे.

मग ते मागे का पडले? कोणी बंदी घातली म्हणून नव्हे. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत रखमाबाई केळवकर यांच्यासारख्या स्त्रियांनी संस्थानात मुलींच्या शिक्षणाचे काम वाढवले, 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाची घोषणा झाली, पुढे 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ उभे राहिले. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या स्त्रीची जी प्रतिमा या काळात घडत गेली, तिच्या कपाळावर कुंकू होते, गोंदण नव्हते. जे गोंदण कुळाची रीत पाळल्याचे लक्षण होते, तेच गावंढळपणाचे लक्षण ठरले. कपाळावरचा ठिपका मोठ्या टिकलीखाली झाकला जाऊ लागला आणि मुली शाळेत घातलेल्या घरांत गोंदणारणीला दारातूनच परत पाठवले जाऊ लागले. 1986 मध्ये भारतात एचआयव्हीचा संसर्ग आढळल्यानंतर एकच सुई अनेकांना वापरण्याची भीतीही त्यात मिसळली, आणि ती भीती रास्त होती.

टॅटू म्हणून ते परतले ते एकदा वापरून टाकायच्या सुया, बाटलीबंद शाई आणि चित्रपट-क्रिकेटमधील अनुकरणाच्या आधाराने. आधी मुलांच्या दंडावर, नंतर मुलींच्या मनगटावर. घरच्यांचा विरोध मात्र दोघांना सारखा नसतो. मुलाने शिवमुद्रा गोंदवली तर कौतुक होते, मुलीला ‘सासरचे काय म्हणतील’ हा प्रश्न आधी येतो, आणि देवीचे किंवा वडिलांचे नाव असेल तर तो जरा मवाळ होतो. माझ्या मते या विरोधाचे कारण खुणेत कमी आणि निर्णय कोणी घेतला यात जास्त आहे, कारण थोरल्यांनी धरून गोंदलेल्या हाताविषयी याच घरांत कधी तक्रार नव्हती.

नोकरीच्या नियमांनीही जागा ठरवल्या आहेत. कोल्हापूरच्या खेड्यांतून सैन्यात जाण्याची परंपरा जुनी आहे आणि 2019 पासून लष्करी पोलीस दलात महिलांची शिपाई पदावर भरती सुरू झाल्याने हा प्रश्न मुलींपर्यंतही पोहोचला. सैन्यभरतीच्या नियमानुसार कायमचा टॅटू हाताच्या आतल्या बाजूस कोपरापासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या मागच्या बाजूस चालतो, इतरत्र नाही. रूढीने गोंदणाऱ्या आदिवासी समाजांसाठी वेगळी सवलत आहे. म्हणजे आज्जीच्या पंजावरची तुळस या नियमात बसते, हनुवटीवरचे तीन ठिपके बसत नाहीत, आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलीने सुईखाली हात देण्याआधी जागा तपासून घेणे भाग आहे.