५० बरोबर, ३९ चूक: न्यू जर्सीत कौल कसा हुकला

२ नोव्हेंबर २०२१ च्या संध्याकाळी न्यू जर्सीत मतदान संपलं, तेव्हा गव्हर्नर फिल मर्फी दुसऱ्यांदा निवडून येणार हे जवळपास गृहीत धरलं गेलं होतं. (अमेरिकेतला गव्हर्नर राष्ट्रपतींनी नेमलेला नसतो. लोक त्याला थेट निवडून देतात आणि तो आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्याचा कारभार हाकतो.) राज्यात डेमोक्रॅट म्हणून नोंदणी केलेले मतदार रिपब्लिकनांपेक्षा दहा लाखांहून जास्त. वर्षभरापूर्वीच बायडन इथे सुमारे १६ टक्क्यांनी जिंकले होते. राज्यात ज्या पाहणीला सर्वाधिक मान होता, त्या मॉनमथ विद्यापीठाच्या शेवटच्या कौलात मर्फी ५० आणि त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॅक चिटरेली ३९ टक्क्यांवर होते. म्हणजे तब्बल ११ टक्क्यांची आघाडी.

बुधवारची पहाट झाली तेव्हा चिटरेली किंचित पुढे होते.

मर्फी अखेर जिंकले. १३,३९,४७१ विरुद्ध १२,५५,१८५ मतं, म्हणजे ५१.२ आणि ४८ टक्के. फरक ८४,२८६ मतांचा, जेमतेम ३.२ टक्के. १९७७ मध्ये ब्रेंडन बर्न पुन्हा निवडून आले, त्यानंतर या राज्यात दुसऱ्यांदा गव्हर्नर झालेले पहिले डेमोक्रॅट मर्फीच. मधल्या काळात जिम फ्लोरिओ १९९३ मध्ये आणि जॉन कॉर्झाइन २००९ मध्ये फेरनिवडणुकीत पडले होते. इतिहास घडला खरा, पण दुसऱ्या दिवशी चर्चा वेगळीच होती. मॉनमथच्या पाहण्यांचे प्रमुख पॅट्रिक मरे यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून आपलं चुकल्याची कबुली दिली आणि दोन्ही उमेदवारांच्या प्रचारयंत्रणांची माफी मागितली. निवडणुकीआधीच्या अशा पाहण्या बंदच कराव्यात का, असाही प्रश्न त्यांनी विचारला. या धंद्यात इतकी सरळ कबुली विरळाच.

चूक कुठे झाली हे पाहण्याआधी पहाटेच्या त्या आघाडीचा निकाल लावून टाकू, कारण त्यात गूढ काही नाही. मतं मोजली जातात त्या क्रमात राजकारण दडलेलं असतं. टपालाने मत देणाऱ्यांत त्या काळात डेमोक्रॅट जास्त होते आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाणाऱ्यांत रिपब्लिकन. शिवाय एसेक्स, हडसनसारख्या दाट वस्तीच्या, डेमोक्रॅटांच्या हक्काच्या काउंटींची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) बरीच मोजणी मागे राहिली होती. एडिसन आणि इझलिनची भारतीय वस्ती ज्या मिडलसेक्स काउंटीत आहे, तीही त्यांच्याच बाजूची. अशा वेळी कोण पुढे आहे यापेक्षा कुठली मतं मोजायची राहिली आहेत हे महत्त्वाचं. समजा तीन लाख मतं उरली आहेत आणि ती दोनास एक या प्रमाणात एकाच्या बाजूची आहेत, तर समोरच्याची नव्वद हजारांची आघाडीसुद्धा टिकणार नाही. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था काउंटीवार हेच गणित मांडून निकाल जाहीर करते. तिने बुधवारी संध्याकाळी मर्फींना विजयी घोषित केलं.

आता खरा प्रश्न. हजार माणसांना विचारून पासष्ट लाख नोंदणीकृत मतदारांचं मन कळू शकतं का? कळू शकतं. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं केवढं आहे हे आपण विचारत नाही, फक्त भात सगळीकडे सारखा शिजलेला हवा किंवा शीत कुठूनही उचललेलं हवं. हजारांच्या निव्वळ यादृच्छिक नमुन्यात, म्हणजे जिथे प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता सारखीच असते अशा नमुन्यात, एका उमेदवाराच्या आकड्याची चूक साधारण ३.१ टक्के वर-खाली असते. शंभरातल्या पंचाण्णव वेळा खरा आकडा या पट्ट्यात सापडतो. बातमीच्या तळाशी बारीक अक्षरात छापतात तो हाच आकडा.

पण वाचक एक गफलत हमखास करतात, आणि वृत्तवाहिन्या तर रोज करतात. ३.१ टक्के ही एकाच उमेदवाराच्या आकड्याची चूक आहे, दोघांमधल्या फरकाची नाही. एकाचा आकडा चुकून वर गेला की दुसऱ्याचा बहुधा खाली जातो, त्यामुळे आघाडीतली चूक जवळपास दुप्पट होते. ५० विरुद्ध ३९ साठी हिशेब केला तर ती ५.८ टक्के निघते. म्हणजे मर्फींची खरी आघाडी साधारण ५ ते १७ टक्क्यांत कुठेही असू शकत होती. एवढी सवलत देऊनही ३.२ त्यात बसत नाही.

आता दोन्ही आकडे सुटे सुटे पाहा. पाहणीत मर्फींना ५० टक्के, निकालात ५१.२. अगदी नेमका अंदाज! चिटरेलींना पाहणीत ३९, निकालात ४८. सगळीच्या सगळी चूक एकाच बाजूला. बाकी संस्थांचंही तसंच झालं. स्टॉकटन विद्यापीठाने ५० विरुद्ध ४१ सांगितलं होतं, रटगर्सने ५० विरुद्ध ४२. नशिबाने पडलेली चूक अशी सगळ्यांची मिळून एकाच दिशेला पडत नाही. ती थोडी इकडे, थोडी तिकडे पडते. म्हणून यात नशिबाचा भाग कमी, आणि ते बारीक अक्षरातले ३.१ तर फक्त नशिबाचा हिशेब मांडतात.

पाहणीत शंभरातल्या अकरांनी दोघांपैकी कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. त्यांतले बरेच शेवटी चिटरेलींकडे गेले असणार. न्यू जर्सीतला मालमत्ता कर हा तिथला जुना दुखरा विषय आहे आणि चिटरेलींचा सगळा प्रचार त्याभोवती होता. पण एवढ्याने भागत नाही.

फोन कोण उचलतं, हा खरा मुद्दा. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरच्या टेलिफोन पाहण्यांना १९९७ मध्ये शंभरातले ३६ जण प्रतिसाद देत. २०१८ मध्ये ते ६ वर आले. उरलेले ९४ कसे आहेत हे त्या सहांवरून ओळखायचं. आता एक काल्पनिक हिशेब करू. मतदारांत खरोखरच ५१.२ टक्के मर्फींचे आणि ४८ टक्के चिटरेलींचे आहेत असं धरा. मर्फींच्या समर्थकांपैकी शंभरातले सहा जण फोनवर उत्तर देतात, चिटरेलींच्या समर्थकांपैकी पाच. फरक फक्त एका माणसाचा. या दोघांपुरतंच बोलायचं तर पाहणीत येईल ५६ विरुद्ध ४४. तीन टक्क्यांची आघाडी बारा टक्क्यांची झाली, आणि कुणी खोटं बोललेलं नाही!

मग जास्त लोकांना विचारलं तर? आकडा बाराच राहील. हजाराऐवजी लाख लोकांशी बोललात तर बारीक अक्षरातली चूक ०.३ वर येईल आणि चुकीचं उत्तर जास्त आत्मविश्वासाने छापता येईल. हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ शियाओ-ली मेंग यांनी २०१८ मध्ये याचं गणित काटेकोरपणे मांडलं. माणूस कुणाला मत देणार आणि तो पाहणीत उत्तर देणार का, या दोन गोष्टींत अगदी पुसटसा संबंध असला तरी तो मोठ्या लोकसंख्येत प्रचंड महाग पडतो. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या माहितीवरून त्यांनी दाखवलं की हा संबंध ०.००५ इतका क्षुल्लक असला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध), तरी २३ लाख लोकांच्या उत्तरांची किंमत खऱ्याखुऱ्या यादृच्छिक ४०० जणांच्या नमुन्याएवढीच उरते. पातेल्याच्या आकाराने फरक पडत नाही असं वर म्हटलं, ते फक्त निव्वळ यादृच्छिक नमुन्यापुरतं खरं. नमुन्यात पक्षपात शिरला की लोकसंख्या जितकी मोठी, तितका तोटा मोठा.

पाहणी करणारे हात बांधून बसलेले नसतात. नमुन्यात तरुण कमी आले तर त्यांच्या उत्तरांना जास्त वजन देतात. शिक्षण, वंश, लिंग, जिल्हा यांचंही तसंच. पण साठीचा, गोरा, कॉलेज न केलेला जो माणूस फोन उचलून दहा मिनिटं बोलतो, तो साठीच्या, गोऱ्या, कॉलेज न केलेल्या पण फोन आपटणाऱ्या माणसासारखाच विचार करतो, हे कोणी सांगितलं? वजनं देऊन ही दरी बुजत नाही. २०२० च्या पाहण्या गेल्या चाळीस वर्षांत सर्वाधिक चुकल्या होत्या. अमेरिकेतल्या जनमत संशोधकांच्या संघटनेने त्यावर समिती नेमली. तिचा अहवाल जुलै २०२१ मध्ये आला आणि नेमकं कारण हाती असलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही, असं त्यात होतं. न्यू जर्सीचं मतदान त्यानंतर चारच महिन्यांनी झालं.

दुसरी अडचण जास्त विचित्र आहे. निवडणुकीआधी ज्या लोकसंख्येचं मोजमाप करायचं, ती अजून अस्तित्वातच नसते. २०२१ मध्ये न्यू जर्सीत नोंदणीकृत मतदारांपैकी सुमारे ४० टक्क्यांनीच मतदान केलं. ते ४० कोण, हे २ नोव्हेंबरच्या रात्रीपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. मॉनमथचा ११ चा आकडा सगळ्या नोंदणीकृत मतदारांचा होता. अमुक लोक मतदानाला येतील असं धरून त्यांनी आणखी काही गणितंही केली होती. त्यांतल्या सर्वांत सावध गणितात आघाडी ८ टक्के निघाली होती, म्हणजे तीही खऱ्या निकालापासून बरीच दूर.

त्याच दिवशी व्हर्जिनियातही गव्हर्नरची निवडणूक होती. तिथे ग्लेन यंगकिन दोनएक टक्क्यांनी जिंकले आणि पाहण्यांची सरासरी जवळपास तेच सांगत होती. पद्धत सारखी, दिवस सारखा, एका राज्यात बरोबर, दुसऱ्यात चूक. म्हणूनच ‘पाहण्या खोट्याच असतात’ हे सरसकट विधान मला पटत नाही. किती विश्वास ठेवायचा याला एक मोजलेलं उत्तर आहे. शरद गोयल, अँड्र्यू गेलमन आणि सहकाऱ्यांनी १९९८ ते २०१४ मधल्या ६०८ निवडणुकांच्या चार हजारांहून जास्त पाहण्या निकालांशी ताडून पाहिल्या. प्रत्यक्षातली चूक छापलेल्या चुकीच्या साधारण दुप्पट निघाली. बातमीत ३ लिहिलेलं दिसलं की मनात ६ वाचावं, आणि आघाडीबद्दल बोलणं असेल तर आणखी हात आखडावा.

मग चुकीची दिशा तरी आधी ओळखता येते का? रिपब्लिकनांना नेहमीच कमी लेखलं जातं, तेवढं त्यांच्या आकड्यात मिळवून टाकावं, असं २०२१ नंतर अनेकांना वाटू लागलं. २०२५ मध्ये चिटरेली पुन्हा उभे राहिले. समोर डेमोक्रॅट मायकी शेरिल. या वेळी पाहण्यांची सरासरी शेरिल यांना एक आकडी, बेताचीच आघाडी देत होती आणि काहींनी तर लढत बरोबरीची ठरवली होती. शेरिल १३ टक्क्यांहून जास्त फरकाने जिंकल्या. तेच राज्य, तोच रिपब्लिकन उमेदवार, आणि चूक बरोबर उलट बाजूला. मॉनमथचा कौल मात्र या वेळी नव्हताच, कारण विद्यापीठाने आपलं पाहणी केंद्र त्याच वर्षी जुलैमध्ये बंद केलं होतं.