रेल्वेचे दिव्यांग सवलत कार्ड: पात्रता, कागदपत्रे, अर्ज आणि पुणे–मुंबई गाड्यांमधला वापर

पुण्याहून सकाळी ७:१५ ला सुटणारी डेक्कन क्वीन असो, तिच्या आधीची सिंहगड असो की संध्याकाळची परतीची गाडी, पुणे–मुंबई मार्गावर दिव्यांग प्रवाशाची अडचण गाडीत चढण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. हातात यूडीआयडी कार्ड (केंद्र सरकारचे दिव्यांग ओळखपत्र) असते, त्यावर दिव्यांगत्वाची टक्केवारी असते, आणि तरीही तिकीट पूर्ण भाड्याचेच निघते. कारण रेल्वेची भाडेसवलत टक्केवारी पाहून मिळत नाही. रेल्वेने ठरवलेल्या चार गटांपैकी एकात बसावे लागते, रेल्वेच्याच नमुन्यातला दाखला आणावा लागतो आणि त्यावरून रेल्वेचे स्वतंत्र ओळखपत्र काढावे लागते. क्रम हाच ठेवला तर काम सरळ होते. उलट्या क्रमाने गेलात तर हेलपाटे ठरलेले.

कोण पात्र?

मार्च २०२० मध्ये रेल्वेने बहुतेक भाडेसवलती थांबवल्या. दिव्यांगांचे चार गट, ठरावीक आजारांचे रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या सवलती मात्र चालू राहिल्या. दिव्यांगांचे चार गट असे: सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग किंवा पॅराप्लेजिक (कमरेखालचे शरीर लुळे असलेले) प्रवासी, सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे बौद्धिक दिव्यांग प्रवासी, दृष्टी पूर्णपणे नसलेले प्रवासी, आणि ऐकू व बोलता दोन्ही येत नसलेले प्रवासी.

यातला प्रत्येक शब्द मोजून घेतला जातो. एका डोळ्याने दिसत असेल किंवा अंशतः दिसत असेल तर तिसरा गट लागू होत नाही. ऐकू येत नाही पण बोलता येते, अशा व्यक्तीला चौथा गट लागू होत नाही, कारण दोन्ही बाबी एकाच व्यक्तीत असायला हव्यात. अस्थिव्यंगाच्या बाबतीत ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र राज्य सरकारच्या योजनांना चालते, एसटीलाही चालते. रेल्वेच्या दाखल्यावर मात्र ‘सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही’ हे डॉक्टरांनी प्रमाणित करावे लागते. डॉक्टरांचे मत तसे नसेल तर अर्ज करून उपयोग नाही. हे आधीच विचारून घेतलेले बरे, कारण रुग्णालयाच्या बोर्डाच्या दिवशी ताटकळण्यात अख्खा दिवस जातो.

किती सवलत मिळते?

पहिल्या तीन गटांना द्वितीय श्रेणी, स्लीपर, प्रथम श्रेणी, एसी थ्री टियर आणि एसी चेअर कारमध्ये ७५ टक्के सवलत आहे. एसी फर्स्ट आणि एसी टू टियरमध्ये ५० टक्के. राजधानी आणि शताब्दीच्या थ्री टियर व चेअर कारमध्ये २५ टक्के. एका सोबत्यालाही तेवढीच सवलत मिळते. चौथ्या गटाला द्वितीय, स्लीपर आणि प्रथम श्रेणीत ५० टक्के आहे, सोबत्यालाही तितकीच. पण एसी चेअर कार त्यांच्या यादीत नाही. पुणे–मुंबई गाड्यांमध्ये मुख्यतः टू-एस (बसण्याच्या जागांची द्वितीय श्रेणी) आणि एसी चेअर कार (सीसी) हेच वर्ग असल्याने हा फरक इथे लगेच जाणवतो. कर्णबधिर–मूक प्रवाशाने टू-एसचे तिकीट काढले तर सवलत मिळेल, सीसीचे काढले तर मिळणार नाही. डेक्कन क्वीन, प्रगती आणि डेक्कन एक्स्प्रेसला विस्टाडोम (काचेच्या छताचा) डबा लागतो. या यादीत विस्टाडोमचा उल्लेख नाही. वंदे भारतलाही ही सवलत लागेल असे गृहीत धरू नका, पैसे भरण्याआधी पडद्यावरची भाड्याची फोड पाहा.

सवलत फक्त मूळ भाड्यावर असते. आरक्षण शुल्क (टू-एसला १५ रुपये, चेअर कारला ४० रुपये) आणि सुपरफास्ट अधिभार (टू-एसला १५, चेअर कारला ४५) कमी होत नाहीत. हिशेबासाठी टू-एसचे मूळ भाडे ८० रुपये धरले, तर ७५ टक्के सवलतीनंतर २० उरतात; त्यात १५ आणि १५ मिळवले की ५० रुपये होतात. बिगरसवलतीचे तिकीट ११० चे. म्हणजे हातात येणारी सवलत ५४–५५ टक्क्यांच्या आसपास बसते. ‘७५ टक्के म्हणाले आणि एवढेच कमी झाले’ ही तक्रार खिडकीवर रोज ऐकू येते. तिथे बहुतेक वेळा चूक झालेली नसते, हिशेबच असा आहे.

तत्काळ तिकिटावर सवलत मिळत नाही. एका तिकिटावर दोन सवलती जोडता येत नाहीत. सवलतीचे तिकीट काढून गाडीत फरक भरून वरच्या वर्गात बसणेही चालत नाही.

दाखला: सगळे इथेच अडते

रेल्वेचा सवलत दाखला ठरावीक छापील नमुन्यात असतो आणि प्रत्येक गटाचा नमुना वेगळा असतो. तो रेल्वेच्या संकेतस्थळावरून उतरवून, छापून, सोबत न्यायचा. पुण्यात ससून, मुंबईत जे. जे. किंवा तुमच्या जिल्ह्याचे सरकारी रुग्णालय. तिथल्या संबंधित विभागाच्या डॉक्टरांकडून तो भरून, सही–शिक्क्यासह घ्यायचा. कोरा नमुना रुग्णालयात मिळेलच अशी आशा ठेवू नका, दोन प्रती घेऊन जा. एकीत खाडाखोड झाली तर दुसरी कामी येते. ‘या नमुन्यात कोणताही बदल चालणार नाही’ अशी सूचना त्यावर छापलेलीच असते, आणि ती पाळली जाते.

कागद हातात आल्यावर तिथेच, टेबलापासून न हलता, तो नीट वाचा. फोटो चिकटवलेला आहे ना? डॉक्टरांची सही आणि शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर उमटला आहे ना? शिक्का पूर्ण कागदावर आणि फोटो कोरा, अशी अवस्था असेल तर दाखला परत येतो. डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक वाचता येतो का? रुग्णालयाचा गोल शिक्का पुसट तर नाही ना? लागू नसलेला मजकूर खोडायचा असतो, तो खोडला आहे का? तारीख आहे का? पुसट शिक्का ही सगळ्यात नेहमीची आणि सगळ्यात फुकटची अडचण: शाई कोरडी असते, वाचता येत नाही, आणि ते घरी जाऊन स्कॅन करताना लक्षात येते.

दाखल्याची मुदत वयावर ठरते. कायमस्वरूपी दिव्यांगत्वासाठी २५ वर्षांपर्यंतच्या व्यक्तीचा दाखला ५ वर्षे चालतो, २६ ते ३५ वयात काढलेला १० वर्षे, आणि ३५ च्या पुढे आयुष्यभर. पाय कापलेल्या विशीतल्या मुलालाही दर ५ वर्षांनी रुग्णालयाची पायरी चढावी लागते, हे कठोर आहे. पण नियम तसा आहे, आणि मुदत संपलेल्या दाखल्यावर काढलेले तिकीट सवलतीत धरले जात नाही.

अर्ज

अर्ज रेल्वेच्या दिव्यांगजन ओळखपत्राच्या संकेतस्थळावर करायचा. मोबाईल क्रमांकाने नोंदणी करून माहिती भरायची आणि पुढील कागद चढवायचे: पासपोर्ट आकाराचा फोटो, रेल्वेच्या नमुन्यातला सवलत दाखला, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि आधारसारखे फोटो ओळखपत्र. मूळ कागद जवळ ठेवा, पडताळणीला बोलावले तर तेच लागतात.

अर्ज विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या कार्यालयातल्या वाणिज्य शाखेकडे जातो. महाराष्ट्रात मध्य रेल्वेचे मुंबई, पुणे, सोलापूर, भुसावळ आणि नागपूर असे विभाग आहेत. पश्चिम रेल्वेचा मुंबई सेंट्रल वेगळा. कार्यालय दाखला खरा आहे का हे रुग्णालयाकडून पडताळून घेते, आणि वेळ मुख्यतः तिथेच जातो. म्हणून सणासुदीच्या प्रवासासाठी कार्ड हवे असेल तर अर्ज काही महिने आधी टाका. अर्ज अडकला असेल तर नुसता ‘काय झाले’ असा प्रश्न घेऊन जाऊ नका; अर्ज क्रमांक, दाखल्याची प्रत आणि दाखला ज्या तारखेला, ज्या विभागातून दिला गेला ती माहिती घेऊन जा. रुग्णालयातल्या नोंदवहीत ती नोंद शोधणे मग सोपे जाते.

अर्ज परत येण्याची कारणे बहुधा हीच: दाखला दुसऱ्या गटाच्या नमुन्यात आहे, दाखल्यावर ‘राजू’ आणि आधारवर ‘राजेंद्र’, जन्मतारीख दोन कागदांवर दोन, किंवा मोबाईलवर काढलेला तिरका फोटो, ज्यात खालचा शिक्का कापला गेला. नावाचा घोळ असेल तर आधी आधार दुरुस्त करा आणि मगच दाखला घ्या.

तिकीट काढताना

कार्ड मिळाल्यावर त्याचा क्रमांक वापरून आयआरसीटीसीवर तिकीट काढता येते, रांगेत उभे राहण्याची गरज उरत नाही. इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि बरेचजण त्यांची गल्लत करतात. सवलत एक, कोटा दुसरा. प्रवाशाच्या माहितीपुढे दिव्यांग सवलतीची खूण केली तर भाडे कमी होते, पण जागा सर्वसाधारण कोट्यातूनच मिळते. दिव्यांग कोट्यातली जागा हवी असेल तर गाडी शोधतानाच कोट्याच्या यादीतून तो निवडावा लागतो. त्या वर्गाचे दोनपेक्षा जास्त डबे असलेल्या गाडीत टू-एस किंवा चेअर कारमध्ये या कोट्याच्या ४ जागा असतात. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून किंवा सोमवारी सकाळी पुण्याहून निघायचे असेल तर त्या झपाट्याने संपतात.

आरक्षण ६० दिवस आधी उघडते; पहिल्या दिवशी ऑनलाइन तिकीट हवे तर खाते आधारशी जोडलेले असावे. कोट्यातल्या न भरलेल्या जागा आरक्षणाचा तक्ता (प्रवाशांची अंतिम यादी) बनताना इतरांना दिल्या जातात, आणि सकाळच्या गाड्यांचा पहिला तक्ता आदल्या रात्रीच तयार होतो. तेव्हा ‘सकाळी बघू’ म्हणून थांबू नका.

खिडकीवर तिकीट काढताना आरक्षणाच्या अर्जासोबत कार्डाची झेरॉक्स जोडा आणि मूळ कार्ड दाखवा. दुसरे कोणी तिकीट काढायला जाणार असेल तर त्याच्याकडे कार्ड द्या, फक्त क्रमांक नको.

मासिक आणि त्रैमासिक पासावर चारही गटांना ५० टक्के सवलत आहे. त्रैमासिक पास मासिकाच्या २.७ पट पडतो, त्यामुळे रोजच्या प्रवाशाला तोच फायद्याचा. पासावर राखीव डब्यात बसता येत नाही, आणि सुपरफास्ट गाडीसाठी पासावरही अधिभार भरावा लागतो.

गाडीत

मूळ कार्ड जवळ हवेच. मूळ कार्ड नसेल तर तिकीट तपासनीस सवलत अमान्य करून विनातिकीट प्रवाशाप्रमाणे वसुली करू शकतो. सोबत्याच्या सवलतीच्या तिकिटावर सोबत्याने एकट्याने जाणे चालत नाही. दिव्यांग प्रवाशाचा बेत रद्द झाला तर सोबत्याचेही तिकीट रद्द करा.

अनारक्षित प्रवासासाठी बऱ्याच गाड्यांना दिव्यांगांचा वेगळा डबा असतो, तो सहसा गाडीच्या टोकाला. पुणे स्थानकावर हे टोक पादचारी पुलापासून लांब पडते. गाडी फलाटावर येण्याच्या अर्धा तास आधी डब्याची जागा विचारून तिथे पोचा, व्हीलचेअर हवी असेल तर स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात आधी सांगा. मधल्या थांब्यांवर गाडी मिनिट–दोन मिनिटेच थांबते, तेवढ्यात व्हीलचेअरसह डबा बदलणे जमत नाही. उतरण्याची तयारी तिथे आधीच करावी लागते. घाट चढणाऱ्या गाड्या कर्जतला बँकर (घाटात मागून ढकलणारी) इंजिने लावण्यासाठी थांबतात, पण त्या थांब्यावर विसंबून फलाटावर उतरू नका.

दिव्यांगांच्या डब्यात इतर प्रवासी शिरलेले असतील तर वाद घालत बसण्यापेक्षा १३९ वर फोन करून गाडी क्रमांक, डब्याची जागा आणि पुढचे स्थानक सांगा. राखीव डब्यात हक्काशिवाय बसणाऱ्याला रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १५५ खाली बाहेर काढता येते आणि ५०० रुपयांपर्यंत दंड होतो. मुंबईत उतरून पुढे लोकलने जायचे असेल तर तिथल्या दिव्यांगांच्या डब्यासाठीही रेल्वेचे हे कार्ड वरच्या खिशात ठेवा, आणि सोबत यूडीआयडी असू द्या. त्या डब्यात कर्करुग्ण आणि गर्भवती महिलांनाही परवानगी आहे; त्यांच्याशी जागेवरून तंटा होऊ नये.