ग्रामसभा आणि मतदाराची कर्तव्ये

ग्रामसभा : गावाच्या मतदारयादीत नाव असलेल्या सर्वांची मिळून होणारी वैधानिक सभा. संविधानाच्या अनुच्छेद २४३ मध्ये तिची व्याख्या आहे. २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ही व्याख्या आली. महाराष्ट्रात तिचे कामकाज महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ७ नुसार चालते. लोकसभेत वा विधानसभेत नागरिक आपला प्रतिनिधी पाठवतो, ग्रामसभेत तो स्वतःच सभासद असतो. मत देऊन झाल्यावर नागरिकाने काय करायचे, या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर म्हणूनच इथे मिळते.

संविधानातील मूलभूत कर्तव्यांच्या यादीत (अनुच्छेद ५१-क) यातले फारसे काही सापडत नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने दहा कर्तव्ये घातली, २००२ मध्ये ८६ व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देण्याचे अकरावे जोडले. या यादीत मतदान नाही, कर भरणेही नाही. करभरणा कर्तव्य मानावा असे स्वर्णसिंह समितीने सुचवले होते, पण ते स्वीकारले गेले नाही. शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या या यादीपेक्षा ग्रामपंचायतीच्या नोटीस बोर्डावरचा कागद गावकऱ्याला जास्त कामाचा ठरतो.

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात गावसभेची परंपरा कायद्याहून जुनी आहे. औंध संस्थानातील ७२ गावे आजच्या सातारा, सांगली आणि विजापूर जिल्ह्यांत विखुरलेली होती. संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९ मध्ये आपले अधिकार प्रजेकडे सोपवणारी स्वराज्य घटना लागू केली. तिच्यामागे महात्मा गांधींचा सल्ला, युवराज अप्पासाहेब पंत आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन यांचे श्रम होते. प्रत्येक गावाने पाच पंच निवडायचे आणि तालुक्याचा व संस्थानचा कारभार त्यांच्यावर उभा करायचा, अशी ती रचना होती. संस्थानातल्याच कुंडलच्या परिसरात पुढे १९४२ च्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारने गावोगावी न्यायनिवाडे केले. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि हा औंध प्रयोग तिथेच संपला. औंध आज साताऱ्याच्या खटाव तालुक्यात आहे, संस्थानातलीच आटपाडी सांगली जिल्ह्यात.

वित्तीय वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी हे दिवस रूढ आहेत. साधारण सभेची नोटीस सात दिवस आधी लागते, दवंडी दिली जाते, हल्ली गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फोटो पडतो. नोटिशीतील विषयपत्रिका वाचणे हे मतदाराचे पहिले काम. तिच्यात दोन ओळी ठरलेल्या असतात. पहिली, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. हा विषय दोन मिनिटांत उरकला जातो, पण गेल्या वेळी बोललेले आणि लिहिलेले यांतला फरक पकडायची जागा हीच. एकदा इतिवृत्त कायम झाले की ‘मी तसे म्हणालोच नव्हतो’ याला फारसा अर्थ उरत नाही. शेवटची ओळ, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. दिवाबत्तीसारख्या किरकोळ बाबींसाठी ती ठीक. गायरानाची जागा, गाळ्यांचा लिलाव किंवा मोठ्या कामाची मंजुरी तिथून येऊ लागली तर तो विषय पुढच्या सभेच्या नोटिशीत घ्या, असे उभे राहून सांगावे.

कोरम, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान उपस्थिती, हा सगळ्यांत जास्त चुकणारा भाग. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतील कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ४०० मतदारांच्या वाडीला ६० जण पुरतात. पाच हजारांच्या गावालाही १०० च. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरमची अट नाही, मात्र तिच्यात नवा विषय घेता येत नाही. आळस इथेच महागात पडतो. ‘कोरम होणार नाही, कशाला जायचं’ म्हणून लोक घरी बसतात आणि आठवड्याने पंधरा-वीस माणसांत तेच ठराव पूर्ण कायदेशीरपणे मंजूर होतात.

पाटण, जावळी, खटाव, माण या तालुक्यांतील बरेच मतदार मुंबईत माथाडी कामाला, तर खानापूर-आटपाडीचे गलाई (सोने-चांदी गाळणारे) व्यावसायिक देशभर पसरलेले. यादीत नाव गावचे, माणूस बाहेर. काही गावे म्हणून महत्त्वाचे विषय यात्रेच्या दिवसांत काढतात, कारण चैत्र-वैशाखात चाकरमानी घरी असतात. हे शहाणपणाचे आहे, फक्त नोटिशीचे दिवस पाळले पाहिजेत. डोंगरी भागातील गट ग्रामपंचायतीत (अनेक गावे-वाड्यांची मिळून एक) आणखी एक अडचण असते : सभा मुख्य गावात आणि वाडी दोन तासांच्या चालीवर. अशा वेळी वॉर्ड सभेत विषय मांडून त्याची लेखी नोंद करून घेणे हाच व्यवहार्य मार्ग.

सभेत दोन वह्या असतात. हजेरीच्या वहीत सही करण्यापूर्वी वर तारीख आणि सभेचा प्रकार लिहिला आहे का ते पाहावे. कोऱ्या पानावर सही करू नये. दुसरी वही इतिवृत्ताची, गावात तिला ‘प्रोसिडिंग’ म्हणतात. तिच्यात ठराव क्रमांक, मजकूर, सूचक, अनुमोदक आणि विरोध झाला असल्यास त्याची नोंद हवी. ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द सवयीने लिहिले जातात. विरोध असेल तर हात वर करून मते मोजायला सांगावे आणि आकडा लिहून घ्यावा. भाऊसाहेब, म्हणजे ग्रामपंचायतीचे सचिव, ‘नंतर सवडीने लिहितो’ म्हणाले की निदान ठरावाचा मजकूर तिथल्या तिथे वाचून दाखवायला सांगावे. सवडीने लिहिलेल्या ठरावात रकमा बदलल्याच्या तक्रारी नव्या नाहीत. स्वतःचा विषय असेल तर तो तोंडी न मांडता सभेआधी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

महिला सभा ही ग्रामसभेच्या आधी घ्यायची स्वतंत्र सभा आहे आणि तिथे ठरलेले ग्रामसभेपुढे यावे लागते. प्रत्यक्षात शिपाई वही घेऊन घरोघरी फिरतो आणि चुलीपुढे सह्या होतात. अशी सही नाकारणे हेही कर्तव्यच. सभा खरी झाली की काय होते, ते सांगलीच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे दिसले. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर तिथल्या महिलांच्या सभेत ठरले आणि संध्याकाळी सातचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली. त्याला कायद्याचा आधार लागला नाही, लोकांनी मानले एवढेच.

पैशाच्या विषयात ‘निधी कुठं गेला’ असे मोघम विचारले की मोघमच उत्तर मिळते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि ४० टक्के अबंधित अशी विभागणी होती. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातून, म्हणजे घरपट्टीसारख्या स्वतःच्या वसुलीतून, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तेव्हा विचारायचे असे : स्वउत्पन्न किती जमले, त्याचे ५ टक्के किती होतात, त्यातले कोणाला किती दिले? पूर्ण झालेल्या कामाबाबत मोजमाप पुस्तकातील लांबी-रुंदी मागावी आणि टेप घेऊन रस्ता मोजावा. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर ग्रामपंचायतीचा आराखडा व खर्च पाहता येतो. सभेला जाण्याआधी तो मोबाइलवर उघडून ठेवला तर वाद निम्म्याने कमी होतो.

प्रश्न विचारणाऱ्याची घरपट्टी भरलेली असावी. कायद्याने बाकीदार मतदाराचाही बोलण्याचा हक्क जात नाही, पण सभेत पहिला टोमणा तोच येतो. आकारणी नमुना ८ मध्ये, मागणी नमुना ९ मध्ये आणि पावती नमुना १० ची असते. पावतीवर चालू व थकबाकी वेगळी लिहिली आहे ना, ते पाहावे. पहिल्या सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत भरल्यास ५ टक्के सूट मिळते. ग्रामपंचायत सदस्याला मात्र बाकी भोवते : बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरल्यास तो अपात्र ठरू शकतो.

श्रमदानाला सातारा-सांगलीत वेगळे वजन आहे. पाणी फाउंडेशनच्या, श्रमदानातून पाणी अडवण्याच्या वॉटर कप स्पर्धेत २०१६ मध्ये कोरेगाव तालुक्यातील वेळू आणि २०१८ मध्ये माण तालुक्यातील टाकेवाडी पहिली आली. खोदलेल्या चरांत पुढच्या वर्षी गाळ भरतो, तो काढण्याचा विषय मात्र विषयपत्रिकेवर क्वचितच असतो.

ठरावाची मर्यादाही माहीत हवी. सांगलीच्या जत तालुक्यातील सीमेवरच्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा गाजले. राज्याची सीमा बदलणे अनुच्छेद ३ प्रमाणे संसदेच्या हाती आहे. त्या ठरावांचे मोल दबाव म्हणून होते. उलट टँकरचा साधा ठराव थेट कामाला येतो, कारण तो पंचायत समितीमार्फत तहसीलदारांकडे जाऊन पाहणी होते. त्यात लोकसंख्या, जनावरे, आटलेल्या विहिरी व बोअर यांचे आकडे नसले तर प्रस्ताव परत येतो आणि उन्हाळ्याचे दहा-बारा दिवस जातात.

सभा घेतलीच नाही, तर तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे, तिथे दाद न मिळाल्यास जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे करावी. पुरेशा कारणाशिवाय सभा न बोलावणारा सरपंच उरलेल्या मुदतीसाठी पदावर राहण्यास अपात्र ठरतो. तो निर्णय जिल्हाधिकारी देतात. पुरावा म्हणून इतिवृत्ताची प्रत लागते. ती माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून मागता येते आणि ३० दिवसांत मिळायला हवी. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत असावा. ‘गेल्या पाच वर्षांचा सर्व कारभार’ असे लिहिलेले अर्ज तिथेच अडकतात; ‘अमुक तारखेच्या ग्रामसभेचे इतिवृत्त व हजेरीची पाने’ एवढे लिहिले की काम होते.