जुनी मॅसी घेताय? इंजिन थंड असताना जा

जुना मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर बघायला जायचं असेल तर विकणाऱ्याला आदल्या दिवशी एवढंच सांगून ठेवा: मी येईपर्यंत चालू करू नका. तो हो म्हणेल. तरी पोचल्यावर आधी इंजिनाच्या ब्लॉकला हात लावून बघा. कोमट लागला तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. रंग, टायर, कागद केव्हाही बघता येतात. थंड इंजिन बहुधा दिवसातून एकदाच भेटतं.

हा हट्ट कशासाठी, ते डिझेल इंजिनाच्या घडणीत आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडायला प्लग असतो, डिझेलमध्ये नसतो. तिथे सिलिंडरमधली हवा दाबून इतकी तापवायची की आत फवारलेलं डिझेल आपणहून पेटावं. सायकलीत हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, तेच इथे मोठ्या प्रमाणावर घडतं. मॅसी फर्ग्युसन ३५ वरचं पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन घ्या. ते हवेचं आकारमान दाबून साधारण सतराव्या हिश्श्यावर आणतं. ३० अंशांची हवा जराही न गळता, उष्णता न गमावता इतकी दाबली तर हिशोबाने तापमान साडेसहाशे अंशांच्या वर जातं. प्रत्यक्षात थंड लोखंड बरीच उष्णता ओढून घेतं आणि थोडी हवा पिस्टनच्या रिंगांवरून खाली निसटते. डिझेल तसं अडीचशे अंशांच्या आतही पेट घेऊ शकतं, पण निवांत. सिलिंडरमध्ये त्याला मिळतात जेमतेम काही मिलिसेकंद, म्हणून तापमान बरंच चढं लागतं.

आता लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, झिजलाय, रिंगा ढिल्या झाल्यात असं धरा. हवा जास्त निसटते आणि तापमान गरजेपर्यंत पोचत नाही. थंडीतल्या सकाळी स्टार्टर नुसता फिरतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, इंजिन काही धरत नाही. हाच ट्रॅक्टर एकदा तापला की पिस्टन फुगून फट कमी होते, भिंतीही उष्णता ओढत नाहीत, आणि मग तो हाफ सेल्फला, म्हणजे स्टार्टर जेमतेम फिरताच, उठतो. विकणाऱ्याने गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास फिरवून ठेवला की झीज झाकली गेली. ट्रॅक्टर अंगणात सपाट जागा असताना उतारावर, चाकाखाली दगड देऊन उभा असेल, तर तो तिथेच का उभा असतो हे विचारायला लाजू नका: स्टार्टरवर न उठणारा ट्रॅक्टर उतारावरून सोडून चालू करतात.

बॅटरी मात्र चांगली हवी. इंजिन हळू फिरलं तर हवेला निसटायला आणि गार व्हायला जास्त वेळ मिळतो, त्यामुळे धडधाकट इंजिनही मेल्यासारखं वागतं. शंका असेल तर दुसरी बॅटरी जोडून बघा, नाहीतर उगाच चांगला ट्रॅक्टर हातचा जाईल.

चालू झाल्यावर धूर बघा. सुरुवातीचा पांढरा धूर म्हणजे न पेटलेल्या डिझेलचे थेंब. इंजिन तापेपर्यंत तो विरायला हवा. निळसर धूर टिकला तर ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. त्याचा दोष कधी डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे किंवा डिझेलच्या पंपाकडे असतो, कधी नुसत्या तुंबलेल्या एअर क्लीनरकडे, आणि तो तर साफ करून मिटतो. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा. थोडी वाफ सगळीच जुनी इंजिनं सोडतात. पण भसाभस धूर दणके देत बाहेर येत असेल, तर रिंगांवरून निसटलेला वायू खालच्या चेंबरमध्ये कोंडतोय. मिस्त्री यालाच बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. इथे इंजिनाचं काम निघणार असं धरूनच किंमत बोला.

मॅसीचं खरं वैभव इंजिनात नाही, मागच्या लिफ्टमध्ये, म्हणजे तेलाच्या दाबावर (हायड्रॉलिक) अवजार उचलणाऱ्या हातांमध्ये आहे. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने नांगर आणि ट्रॅक्टर तीन बिंदूंवर जोडून एक करून टाकले. १९४६ पासून कॉव्हेंट्रीत बनलेला त्याचा करडा टीई-२० ट्रॅक्टर याच जोडणीमुळे गाजला, आणि पुढे मॅसी ३५ पासून आपल्याकडच्या टॅफे कंपनीच्या १०३५ मॉडेलपर्यंत तीच पद्धत चालत आली. नांगर कडक जमिनीत घुसला की वरची लिंक पुढे ढकलली जाते आणि तिच्या टोकाची जाड स्प्रिंग दबते. ती हालचाल हायड्रॉलिकच्या झडपेपर्यंत पोचते, लिफ्ट नांगर किंचित उचलते आणि ओढ कमी होते. ना सेन्सर, ना संगणक! म्हणून ती स्प्रिंग हाताने धरून पुढे-मागे हलवा. खडखडली तर तेवढी हालचाल वाया जाते आणि नांगर कधी खोल, कधी उथळ चालतो.

लिफ्टची परीक्षा जड अवजार लावूनच घ्यावी. आपले रिकामे हात कुठलीही लिफ्ट उचलते. आणि जुन्या मॉडेलांत हायड्रॉलिक पंप पीटीओच्या, म्हणजे अवजारं फिरवायला मागे काढलेल्या, शाफ्टवर फिरतो, म्हणून पीटीओचा लीव्हर न्यूट्रलला असेल तर लिफ्ट हलणारच नाही. तो बिघाड नव्हे. अवजार वर उचलून इंजिन चालू ठेवा आणि हातांकडे बघत राहा. ते थोडे खाली बसून पुन्हा झटक्याने वर येत असतील, परत परत, तर तेल कुठूनतरी गळतंय आणि पंप ती भरपाई करतोय. मग इंजिन बंद करा. अवजार दीर्घकाळ वरच टिकायची अपेक्षा जुन्या यंत्राकडून नसते, पण बंद करताच ते सरसर खाली आलं तर लिफ्टच्या पिस्टनची रिंग, सील किंवा झडप यांपैकी काहीतरी गेलेलं आहे.

या घराण्यात गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल आणि हायड्रॉलिक यांचं तेल एकच असतं, आणि पंप त्याच तेलात बुडालेला असतो. तेलाची कांडी काढून बघा. तेल दुधी दिसलं तर आत पाणी आहे. ट्रॅक्टर पावसात उघड्यावर राहिला की गिअर लीव्हरच्या फाटक्या रबरातून ते झिरपतं. चिखलणीत चालवलेल्या ट्रॅक्टरमध्ये तर ही कांडी पहिल्यांदा काढावी. पाणी तळाशी बसतं, पंपाच्या झडपा गंजून अडकतात.

क्लच तपासताना एक लक्षात ठेवा: अशा ट्रॅक्टरला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि अॅक्सल यांची ओतीव लोखंडी घरंच एकमेकांना बोल्टांनी जोडून पाठीचा कणा तयार होतो. त्यामुळे क्लच प्लेट दोनच हजारांची असली तरी ती बदलायला ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो. गिअर टाकताना कडकड होते का, सांध्यांवर भेग किंवा वेल्डिंगची रेघ आहे का, हे टॉर्चच्या उजेडात नीट बघा.

तासांच्या मीटरवर फार विसंबू नका. केबलवर चालणारं जुनं मीटर वेळ मोजत नाही, इंजिनाचे फेरे मोजतं. ठरलेल्या वेगालाच त्याचा तास घड्याळाच्या तासाएवढा भरतो. शिवाय केबल तुटलेली असली की आकडा तिथेच थांबलेला. क्लच आणि ब्रेकच्या पेडलांची झीज त्यापेक्षा खरं सांगते.

शेवटी इंजिन आणि चासी नंबर आरसी बुकाशी जुळवा. इतक्या वर्षांत ब्लॉक बदललेला असणं नवल नाही, पण ते कागदावर चढलेलं हवं. बँकेचा बोजा असेल तर एनओसी (ना-हरकत दाखला) आधी, पैसे नंतर.