दोन्ही बत्तीसच, पण रिव्हॉल्व्हर वेगळं आणि पिस्तूल वेगळं

आमच्या ग्वाल्हेरात कमरेला जे लटकतं ते सगळं "रिवाल्वर"च, मग ते पिस्तूल का असेना. काकांकडे लायसेन्सचं कानपूरचं रिव्हॉल्व्हर, शेजारच्यांकडे पिस्तूल, आणि लायसेन्सवर दोघांच्याही बोर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, पॉइंट बत्तीस. म्हणून परवा भाच्यानं विचारलंच, मामा, बोर एक आहे तर काडतुसं पण एकमेकांची चालत असतील ना?

नाही रे बाबा. रिव्हॉल्व्हरचं काडतूस पॉइंट बत्तीस एस अँड डब्ल्यू लाँग, लांबट, बुडाला कड चांगली बाहेर आलेली, त्या कडेवरच ते चकरीत, म्हणजे सहा भोकांच्या फिरत्या नळकांड्यात, टेकतं. पिस्तुलाचं पॉइंट बत्तीस एसीपी, आखूड आणि दाब जास्त. कधीकधी ते चकरीच्या भोकात जातंही, पण शिरलं म्हणजे चाललं असं नव्हे, ते हत्यार त्या दाबासाठी बनलेलंच नाही. डबीवर नाव वाचूनच भरायचं.

आता खरी गोम हत्यार खाली, म्हणजे रिकामं, करण्यात आहे. पिस्तुलाचं मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) काढलं की लोकांना वाटतं झालं, पण एक गोळी नळीच्या मागे चेंबरमध्ये बसलेली असू शकते आणि अपघात होतात ते बहुतेक याच गोळीनं. म्हणून आधी मॅगझिन, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून आत बघायचं आणि करंगळी घालून पण बघायचं. क्रम उलटा केलात तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली नवी गोळी आत घेऊन जाते, म्हणजे खाली करता करता तुम्ही भरलंत!

रिव्हॉल्व्हरमध्ये लपायला जागाच नाही. काकांचं मधून मोडतं, म्हणजे बिजागरीवर नळी खाली वळते, आणि मोडलं की पुंगळ्या (काडतुसांची कवचं) आपोआप वर येतात, पण एखादी निसटून परत आत बसते आणि मग वैताग. म्हणून काका ते खिडकीकडे धरून सहाही भोकांतून उजेड येतो का बघतात, पाचातून आला तरी चालत नाही.

ट्रिगरचं म्हणाल तर हॅमर (मागचा हातोडा) खाली असताना रिव्हॉल्व्हरचा खेच लांब आणि जड, पण अंगठ्यानं हॅमर चढवला की बोट लागायचा अवकाश. भरलेल्या हत्याराचा चढवलेला हॅमर हळूच उतरवणं हे नवख्याचं काम नाही. डाव्या हाताचा अंगठा पुढे ठेवायची पिस्तूलवाल्यांची सवय इथे महागात पडते, चकरी आणि नळीच्या फटीतून गरम गॅस बाहेर येतो. पिस्तुलात उलट, स्लाइडच्या मागे अंगठा ठेवला की सोलला.

आणि नुसतं "टक" झालं, गोळी सुटली नाही, तर रिव्हॉल्व्हरवाला लगेच परत दाबतो, पुढचं भोक येतं ना समोर! पण ते अडलेलं काडतूस उशिरा पेटलं तर तेव्हा ते नळीसमोर नसतं. नळी टार्गेटकडेच ठेवून निदान अर्धा-एक मिनिट थांबायचं, बोट ट्रिगरच्या बाहेर.



निवडणूक लागली की काका आणि शेजारचे, दोघं बरोबरच हत्यारं ठाण्यात जमा करायला जातात. काका ठाण्यातल्या लेखनिक मुन्शीजींच्या टेबलावर मोडून उघडलेलं रिव्हॉल्व्हर ठेवतात, शेजारचे स्लाइड मागे अडकवलेलं पिस्तूल, मॅगझिन बाजूला. मुन्शीजी रजिस्टरमध्ये दोन्हीपुढे "रिवाल्वर"च लिहायला लागतात आणि काका दर वेळी पेन थांबवतात.