लाव्हाच्या वाळूतली द्राक्षं

नोव्हेंबर १९२८. सिसिली बेटाच्या पूर्व किनाऱ्याजवळचं मास्काली हे गाव. वर एट्ना ज्वालामुखीच्या उताराला भेग पडली आणि तिच्यातून निघालेला लाव्हा ओढ्याच्या पात्राने खाली सरकत आला. त्याचा वेग फार नव्हता. लोकांना सामानसुमान बांधून निघून जायला वेळ मिळाला. पण गाव वाचलं नाही. घरं, देऊळ, बागा, सगळं दगडाखाली गेलं आणि पुढे दुसऱ्या जागी नवं मास्काली वसवावं लागलं.

याच मास्कालीच्या परिसरावरून तिथल्या मुख्य काळ्या द्राक्षाला नाव पडलंय: नेरेल्लो मास्कालेझे. एट्नाच्या लाल वाईनमध्ये निदान ८० टक्के तरी हेच द्राक्ष असावं लागतं. गाव गिळणाऱ्या डोंगरावर माणसं द्राक्षं का लावतात, हा प्रश्न मला बरीच वर्षं खुणावत होता. उत्तर शोधताना मातीबद्दलच्या माझ्या बऱ्याच समजुती बदलल्या.

पहिली समजूत चवीची. एट्नाच्या वाईनबद्दल लिहिणारे हमखास लिहितात की तिच्यात लाव्हाची, राखेची, गारगोटीची चव उतरते. वाचायला छान वाटतं, पण वेलीचं शरीर तसं चालत नाही. दगडातली खनिजं पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. वेलीचं मूळ दगडाला चोखत नाही. ते मातीतल्या पाण्यातून पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह असे सुटे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, उचलतं. हे आयन लाव्हातून आले की शेणखतातून, वेलीला फरक कळत नाही. तयार वाईनमध्ये त्यांचं प्रमाणही नगण्य असतं आणि त्यांतल्या बहुतेक आयनांना जिभेला जाणवेल अशी चव नसते. ॲलेक्स माल्टमन या ब्रिटिश भूवैज्ञानिकाने ही गोष्ट वर्षानुवर्षं चिकाटीने मांडली आहे, आणि मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं.

मग माती काहीच करत नाही का? करते, आणि खूप करते. ती पाणी किती देते, कधी देते, मुळांना किती खोल जाऊ देते, उन्हात किती तापते, कोणत्या किडीला थारा देते, यातून फळ घडतं. एट्नावर हे सगळं लख्ख दिसतं.

आपल्याला हा विषय परका वाटू नये, कारण एट्ना ज्या दगडाचा बनलाय त्याचा चुलतभाऊ आपल्या पायाखाली आहे. सह्याद्री आणि अख्खं दख्खनचं पठार बेसाल्टचं. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागा त्याच दगडाच्या मातीत उभ्या आहेत. एट्नाचा लाव्हाही बेसाल्टच्याच कुळातला. पण दख्खनचा लाव्हा थिजला त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली, तर एट्ना जेमतेम पाच लाख वर्षांचा, आणि त्याच्या अंगावरचे कितीतरी लाव्हा काही शतकांचेच. आपल्याकडे त्या कोट्यवधी वर्षांत ऊन-पावसाने बेसाल्ट झिजून झिजून चिकणमाती झाली. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल इतकी भेगाळते, पाणी धरून ठेवते. काळी आई म्हणतो ती हीच. एट्नावर झिजायला अजून वेळच मिळालेला नाही. तिथली माती म्हणजे काळी वाळू, राख, खडे आणि फेसाळ दगडांचा चुरा. त्या बारीक, हलक्या खड्यांना सिसिलीचे लोक ‘रिपिद्दू’ म्हणतात. चिकणमाती फारच थोडी. पाऊस पडला की पाणी सरळ खाली उतरतं.

या वाळूने एट्नावर एक मोठी कामगिरी बजावली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने युरोपभरच्या द्राक्षबागा उजाड केल्या. माव्याच्या नात्यातली ही कीड, डोळ्यांना जेमतेम दिसणारी. ती मुळांना टोचून रस शोषते, मुळांवर गाठी येतात, त्या सडतात आणि वेल उभ्याउभ्या वाळतो. एका वेलाच्या मुळांवरून दुसऱ्याच्या मुळांवर ती जाते ती जमिनीतल्या भेगांमधून. भेगाळणारी चिकणमाती तिला आयते रस्ते करून देते. सुट्या वाळूत मात्र भेग टिकतच नाही; कण घरंगळतात आणि वाट बुजते. त्यामुळे युरोपात बाकी ठिकाणी अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपीय वेलीचं कलम करणं हाच उपाय उरला असताना, एट्नावर काही ठिकाणी स्वतःच्याच मुळांवर उभे असलेले, शंभर वर्षांहून जुने वेल आजही फळ देतात. उत्तर उतारावरची काल्देरारा सोत्ताना ही त्यांतली एक प्रसिद्ध जागा. अशा बागेत एखादा वेल मेला, की शेजारच्या वेलाची फांदी मातीत दाबून, दाब कलम करून रिकामी जागा भरता येते.

आपले बागाईतदार डॉगरिज जातीच्या खुंटावर थॉमसन या खायच्या द्राक्षाचं कलम करतात, तो खुंटही अमेरिकन कुळातलाच. आपल्याकडे तो रूढ झाला तो मुख्यतः क्षारपड जमीन आणि पाण्याची टंचाई सोसतो म्हणून.

आता पाण्याकडे येऊ, कारण वाईनच्या दृष्टीने मातीचं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच. खायच्या द्राक्षाचा बागाईतदार मणी फुगावा म्हणून जिब्रेलिक ॲसिड या वाढीच्या संजीवकात घड बुडवतो, पाणी जपून पण नियमित देतो. वाईनवाल्याला नेमकं उलट हवं असतं. रंग, सुगंधाची पूर्वद्रव्यं आणि तुरटपणा देणारी टॅनिनं मुख्यतः सालीत आणि बियांत असतात. गरात साखर आणि आम्ल. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. भूमध्य सागराकाठी उन्हाळा कोरडा असतो आणि एट्नाची वाळू वरच्या थरात पाणी धरत नाही. म्हणून वेलीला हलका ताण बसतो. शेंड्यांची वाढ थांबते, मणी लहान राहतो, वेलीची ताकद पिकण्याकडे वळते. हा ताण जीवघेणा होत नाही, कारण फेसाळ दगडाच्या असंख्य छिद्रांत खाली ओल टिकून असते आणि जुन्या वेलींची मुळं तिथवर पोचलेली असतात.

नाशिककडचे लोकही द्राक्षासाठी भारी काळीपेक्षा मुरमाड, निचऱ्याची जमीन बघतात, ती उगाच नाही.

पण नुसत्या मातीने एट्नाचं कोडं सुटत नाही. सिसिली हे उन्हाचं बेट. सखल भागात ऑगस्टमध्येच द्राक्षं खुडायला लागतात. त्याच बेटावर एट्नाच्या उतारावर नेरेल्लो मास्कालेझेची तोडणी ऑक्टोबरात, वरच्या बागांत कधी कधी नोव्हेंबरच्या तोंडावर होते. फरक उंचीचा. दर शंभर मीटर चढलं की हवा साधारण ०.६ अंशाने थंड होते, आणि इथल्या बागा मुख्यतः ४०० ते १००० मीटरच्या पट्ट्यात आहेत. म्हणजे वरची बाग समुद्रकाठापेक्षा पाच-सहा अंशांनी थंड.

त्यात रात्रीची भर. उत्तरेच्या बागा आल्कान्तारा नदीच्या खोऱ्यावर उतरतात. दिवसा काळी जमीन तापते. रात्री शिखराकडची थंड, जड हवा उतारावरून खाली ओघळते. दिवस-रात्रीच्या तापमानात पंधरा-वीस अंशांचा फरक पडू शकतो. याचा परिणाम थेट आम्लावर होतो. द्राक्षात दोन मुख्य आम्लं: चिंचेत असतं ते टार्टरिक आणि हिरव्या सफरचंदात असतं ते मॅलिक. पिकताना वेल मॅलिक आम्ल श्वसनात जाळते. हवा जितकी उष्ण तितकं ते भराभर जळतं, आणि गरम प्रदेशातली द्राक्षं गोड होता होता मिळमिळीत होतात. एट्नावरच्या थंड रात्री हे ज्वलन मंद करतात. दिवसाचं ऊन साखर भरतं, रात्र आंबटपणा राखते. ज्वालामुखीच्या मातीत पोटॅशियम भरपूर असतं, आणि पोटॅशियम टार्टरिक आम्लाशी जुळून त्याचे स्फटिक करतं, म्हणजे आम्ल कमी करतं. तरीही एट्नाची वाईन आंबटपणासाठीच ओळखली जाते. माती आम्ल खाली ओढते आणि हवा ते वर धरते. या रस्सीखेचीत इथे हवा जिंकते.

आपल्याकडचा वेल याच्या अगदी वेगळ्या लयीत जगतो. नाशिकात थंडी वेलीला पुरतं झोपवत नाही. म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन कात्र्यांनी आपण तिचं वर्ष आखतो आणि वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतो. एट्नावर हिवाळ्यात बर्फ पडतं, वेल खरोखर झोपते आणि वसंतात फुटते. दगड एकाच कुळातला असला तरी फळ वेगळं येतं, त्यामागे हे एक मोठं कारण.

एट्नाच्या एकाच डोंगरावरसुद्धा हवा सारखी नाही. द्राक्षाचा पट्टा डोंगराला उत्तर, पूर्व आणि दक्षिण अशा बाजूंनी अर्धचंद्रासारखा वेढतो. पश्चिमेचा पिस्त्यांसाठी प्रसिद्ध ब्रोन्तेचा भाग त्याबाहेर आहे. पूर्व उतार आयोनियन समुद्राकडे तोंड करून उभा. समुद्रावरची ओली हवा तिथे आदळते, वर चढते, थंड होते आणि बरसते. आपल्या घाटमाथ्याचंच गणित. मीलो हे गाव सिसिलीतल्या सर्वांत पावसाळी गावांपैकी एक. वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या वर जातो. एवढ्या ओलाव्यात आणि ढगांत काळं, उशिरा पिकणारं द्राक्ष नीट पिकत नाही. तिथे राज्य आहे कार्रिकान्ते या पांढऱ्या द्राक्षाचं. ते इतकं आंबट, की पूर्वापार जिवाणूंकडून त्यातल्या मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल होऊ दिलं जातं. ‘एट्ना बियान्को सुपेरिओरे’ हे नाव लावायचं तर द्राक्षं एकट्या मीलोच्याच हद्दीतली लागतात. उलट रान्दात्सो आणि कास्तिल्योनेच्या बाजूचा उत्तर उतार पर्जन्यछायेत, कोरडा. नावाजलेल्या लाल वाईन बहुतेक तिथल्याच.

आणि मग लाव्हाची वयं. डोंगराचा उतार म्हणजे वेगवेगळ्या शतकांतल्या प्रवाहांची गोधडी. दोन शेजारच्या शेतांत एकाखाली काही हजार वर्षं जुना लाव्हा, दुसऱ्याखाली काही शे वर्षांचा असू शकतो. एकात माती गुडघाभर, दुसऱ्यात नुसते धोंडे. आपल्याकडे शिवारातल्या तुकड्यांना नावं असतात, तशी तिथे ‘कॉन्त्रादा’ असतात. त्यांतल्या कित्येकांच्या सीमा लाव्हाच्या काठांशी जुळतात. १९६८ मध्ये एट्नाला सरकारमान्य वाईनप्रदेशाचा, म्हणजे डीओसीचा दर्जा मिळाला, आणि २०११ मध्ये १३३ कॉन्त्रादांची नावं बाटलीवर छापायची मुभा मिळाली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. शेतकऱ्याच्या तोंडी असलेलं भूशास्त्र त्यामुळे कागदावर आलं.

हा डोंगर नुसता देत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. मार्च १९८१ मध्ये रान्दात्सोजवळ फुटलेला लाव्हा काही दिवसांत रेल्वे, रस्ते आणि द्राक्षबागा ओलांडून आल्कान्तारा नदीपर्यंत गेला. गाव थोडक्यात वाचलं. तो काळा पट्टा आजही दिसतो. अशा उजाड लाव्हाला तिथे ‘शारा’ म्हणतात. आधी त्याच्यावर राखाडी दगडफूल धरतं, मग भेगांत साठलेल्या चिमूटभर धुळीत गवत, मग पिवळ्या फुलांचं एट्नाचं जिनेस्त्रा झुडूप. त्याच्या मुळांवरचे जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात, पानं कुजतात. नांगर लावण्याजोगी माती व्हायला शतकं लागतात. आजच्या बागा पूर्वजांनी दगड वेचून, त्यांच्याच कोरड्या ताली रचून उभ्या केल्या आहेत. उरलेल्या दगडांचे पायऱ्यांचे बुटके मनोरे बागांच्या मधोमध अजून दिसतात.

आता त्या बागांसमोर नवा पेच आहे. ११ ऑगस्ट २०२१ रोजी एट्नाच्या दक्षिणेला, सिराक्यूजजवळच्या फ्लोरिदियात ४८.८ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. युरोप खंडातला हा विक्रम जागतिक हवामान संघटनेने नंतर मान्य केला. इतक्या उष्णतेत डोंगर चढणं हाच सोपा उपाय वाटतो, आणि काही जण डीओसीच्या नियमांत ठरलेल्या उंचीच्या रेषेपलीकडे लागवड करतही आहेत, बाटलीवर एट्ना हे नाव लावता येणार नाही हे माहीत असून. वर गारवा नक्कीच आहे. पण वर चढावं तसे लाव्हा नवे होत जातात, माती पातळ होत जाते, आणि १९८७ पासून तिथे संरक्षित उद्यानाची हद्दही लागते. हवा शंभर मीटरच्या चढणीत बदलते. शारावर माती धरायला मात्र जिनेस्त्राच्या कितीतरी पिढ्या जाव्या लागतात.