तोंडातला एचपीव्ही: कोणता, ते आधी विचारा

चाचणी अगदी साधी. छोट्या नळीत लाळ जमा करायची, झाकण लावायचं, झालं. 2018-19 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या शेकडो मूलनिवासी स्त्री-पुरुषांनी ॲडलेड विद्यापीठाच्या संशोधकांना अशा नळ्या भरून दिल्या. लाळेत एचपीव्ही, म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, आहे का ते पाहायचं होतं. साधारण तिघांमागे एकाच्या लाळेत तो सापडला. इतर ऑस्ट्रेलियन तरुणांच्या आधीच्या पाहणीत हे प्रमाण कितीतरी कमी होतं.

एवढाच आकडा छापला की वाचणाऱ्याच्या मनात नको ते येतं. एचपीव्ही मुखमैथुनातून पसरतो हे खरं आहे, आणि मग बोट थेट त्या समाजाच्या वागण्याकडे जातं. हे मला अन्यायाचं वाटतं. त्याआधी विचारायला हवं, एचपीव्ही कोणता?

या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. या पाहणीत मोठा वाटा होता 13 आणि 32 या प्रकारांचा. त्यांच्यामुळे ओठांच्या नि गालांच्या आतल्या बाजूला मऊ, न दुखणारे बारीक उंचवटे येतात. याला हेक रोग म्हणतात. 1965 मध्ये अमेरिकेतल्या नावाहो या मूलनिवासी समाजाच्या मुलांमध्ये त्याचं वर्णन झालं. तो लहान मुलांना होतो, एकाच घरात अनेकांना होतो, बहुधा आपोआप जातो आणि त्यातून कर्करोग होत नाही.

एचपीव्हीमुळे होणाऱ्या घशाच्या कर्करोगाचा खरा धनी प्रकार 16. टॉन्सिलच्या पृष्ठभागावर खोल, अरुंद खाचा असतात. तिथलं अस्तर विरळ, त्यामुळे विषाणूला पेशीत शिरणं सोपं जातं. शिरल्यावर त्याचं ई6 हे प्रथिन पेशीची वाढ ताब्यात ठेवणाऱ्या पी53 या पहारेकऱ्याला संपवतं आणि ई7 हे प्रथिन आरबी नावाचा दुसरा लगाम निकामी करतं. बहुतेकांचं शरीर त्याआधीच विषाणूला हुसकावून लावतं. ज्यांचं लावत नाही, त्यांच्यातल्या काहींना कर्करोग होतो, तोही काही दशकांनी.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या त्या पाहणीत 16 किंवा तसाच कर्करोगाचा धोका असलेला 18 हे प्रकार सापडले शंभरात तिघांच्या आसपास. हा आकडा लहान दिसला तरी काळजीचा आहे. मूलनिवासी समाजात धूम्रपान जास्त, अनेकांसाठी मोठं रुग्णालय शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे निदानही उशिरा.

16 आणि 18 विरुद्धच्या लसीचा पाया ऑस्ट्रेलियातच, ब्रिस्बेनमध्ये इयान फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी घातला. 2007 पासून तिथे मुलींना आणि 2013 पासून मुलग्यांनाही ती शाळेत मोफत मिळते. तिच्यामुळे तोंडातला संसर्गही घटतो, हे कोस्टारिकातल्या चाचणीत दिसलं. पण आज पन्नाशीत असलेल्यांच्या शाळेत ही लस कधी आलीच नव्हती. गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच ओळखायला नियमित चाचणी आहे, तशी घशासाठी कुठलीच नाही. ज्यांना हा कर्करोग होतो, त्यांच्यापैकी अनेकांना पहिली खूण दिसते ती मानेवरच्या गाठीची. ती दुखत नाही, म्हणून महिनोन्‌महिने तशीच राहून जाते.